कृषी-पोषण संशोधन सार्वजनिक धोरणात कसं उतरतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विद्यार्थी, संशोधक आणि योजना राबवणारे अधिकारी पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरांची लांबी सारखी नाही. काही प्रश्न दोन ओळींत मिटतात, काहींना थोडा इतिहास सांगितल्याशिवाय हातच घालता येत नाही.

कृषी-पोषण संशोधन म्हणजे नेमकं काय?

शेतात काही बदललं, म्हणजे वाण, खत, पीकपद्धती, पाणी, बाजार किंवा राबणाऱ्या बाईच्या हातातला वेळ, की ताटात काय बदलतं आणि ताटातून शरीरात काय पोचतं, याचा शोध. कृषिशास्त्रज्ञ हेक्टरी क्विंटल मोजतो, डॉक्टर रक्तातलं हिमोग्लोबिन मोजतो. या दोन मोजमापांच्या मधला रस्ता बराच काळ कुणाच्याच हद्दीत नव्हता.

उत्पादन आणि उत्पन्न वाढलं की पोषण आपोआप सुधारतं ना?

सुधारायला हवं, असं वाटतं खरं. फिलिपिन्समधल्या बुकिडनॉन प्रांतात १९७७ साली साखर कारखाना सुरू झाला आणि मका लावणारे बरेच शेतकरी उसाकडे वळले. होवार्थ बुइस आणि लॉरेन्स हॅडाड या अर्थशास्त्रज्ञांनी या कुटुंबांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९९० मध्ये निष्कर्ष मांडले. ऊस लावणाऱ्यांचं उत्पन्न वाढलं होतं. घरातल्या लहान मुलांच्या पोषणात मात्र त्या वाढीचं प्रतिबिंब जवळपास दिसत नव्हतं. वाढलेल्या पैशाला घरात वाटा पुष्कळ फुटतात. त्यातच मुलं आजारी पडायची ती पडतच राहिली, आणि सतत आजारी असणाऱ्या मुलाच्या अंगी खाल्लेलं लागत नाही.

शेतापासून शरीरापर्यंत जाणाऱ्या वाटा अनेक आहेत. घरी पिकलेलं घरी खाल्लं जातं, ही एक. पीक विकून आलेल्या पैशातून अन्न विकत घेतलं जातं, ही दुसरी. बाजारभाव वर-खाली झाले की ज्यांच्याकडे गुंठाभरही जमीन नाही त्यांचंही ताट बदलतं, ही तिसरी. चौथी वाट योजनांच्या प्रस्तावांमध्ये बहुतेक वेळा राहून जाते: बाईचा वेळ, तिचे कष्ट आणि पैशावरचा तिचा ताबा. नव्या पिकाला खुरपणी-काढणी जास्त लागत असेल आणि ते काम तिच्याच वाट्याला येत असेल, तर बाळाला दिवसातून चार वेळा भरवणार कोण? ती गरोदर असेल तर शेतात खर्च होणारी तिची ताकद हासुद्धा पोषणाचाच हिशेब आहे. उत्पन्नाच्या रकान्यात यातलं काहीच दिसत नाही.

‘उत्पन्नवाढीतून पोषण सुधारेल’ एवढं एकच वाक्य प्रस्तावात असलं, तर मी पान उलटायच्या आधी विचारतो: यातल्या कोणत्या वाटेनं?

परसबाग, कोंबड्या, शेळ्या अशा योजनांनी मुलांची वाढ सुधारते, हे सिद्ध झालंय का?

अर्धवट. २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एडोआर्डो मासेट आणि सहकाऱ्यांचा एक आढावा आला. त्यांनी अशा योजनांवरचे २३ अभ्यास तपासले. योजनांमुळे लोक तो विशिष्ट पदार्थ जास्त पिकवू आणि खाऊ लागले, हे बऱ्यापैकी दिसत होतं. मुलांच्या वाढीवरचा परिणाम दाखवणारा पुरावा मात्र फारच तोकडा होता. यावरून ‘शेतीचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष काही जणांनी काढला. तो चुकीचा होता. मुळात बऱ्याच अभ्यासांची रचनाच इतकी कच्ची होती, की परिणाम झाला असता तरी तो सापडला नसता.

नंतरचे अभ्यास जास्त काटेकोर झाले. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशाच्या गुर्मा प्रांतात २०१० ते २०१२ या काळात गावांची यादृच्छिक निवड करून परसबाग, कोंबड्या आणि आहाराविषयी सल्ला असा एकत्र कार्यक्रम राबवला गेला. काही गावांत सल्ला देण्याचं काम वयस्कर बायकांकडे होतं, काहींत आरोग्य समितीच्या सदस्यांकडे. आरोग्य समितीच्या गावांत सर्वांत लहान बाळांचं हिमोग्लोबिन सुधारलं. उंचीत फरक पडला नाही. एकच बियाणं, त्याच कोंबड्या, पण सल्ला कुणाच्या तोंडून आला यावर परिणाम बदलला. धोरण लिहिणाऱ्यांनी हा तपशील भिंतीवर लावून ठेवावा, कारण योजना मोठी करताना सर्वांत आधी कात्री लागते ती सल्ल्याच्या खर्चाला.

मग यश कशानं मोजायचं? उंचीनं की कशानं?

दोन वर्षांच्या शेती प्रकल्पाला मुलांच्या उंचीची कसोटी लावणं म्हणजे पेरणी झाल्याझाल्या मळणीचा हिशेब मागणं. उंचीवर गर्भापासूनचा आहार, जुलाब, स्वच्छता, आईचं स्वतःचं पोषण या सगळ्यांचा परिणाम असतो. शेतीला जवळची मोजमापं असावीत. पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातल्या बायकांसाठी दहा अन्नगट ठरवलेले आहेत. कालच्या दिवसभरात त्यांतले किमान पाच खाल्ले का, एवढं विचारायचं. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांसाठी आठपैकी पाच, असा निकष आहे. ही विचारणा स्वस्त आहे, लवकर होते आणि योजना चालू असतानाच चूक दाखवते.

एक सावधगिरी मात्र हवी. ज्या मोजमापावर अधिकाऱ्याची बढती ठरते, ते मोजमाप लवकरच खोटं बोलू लागतं.

पुरावा पुरेसा झाला, असं केव्हा म्हणायचं?

याचं शास्त्रीय उत्तर एक असतं आणि राजकीय उत्तर दुसरं. गर्भधारणेच्या आधी आणि सुरुवातीला फॉलिक आम्ल मिळालं, तर बाळाच्या मज्जारज्जूतले जन्मजात दोष टळतात का, हे पाहण्यासाठी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने मोठी चाचणी घेतली. सात देशांतली ३३ केंद्रं होती. १९९१ मध्ये निकाल आला: आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांमध्ये पुन्हा तसाच दोष येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. परिणाम इतका ठळक होता, की चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली.

अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात फॉलिक आम्ल मिसळणं सक्तीचं केलं. चिलीने २००० मध्ये. आणि ब्रिटन? तिथे २०२१ मध्ये घोषणा झाली, २०२४ मध्ये कायदा झाला आणि गिरण्यांना डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत दिली गेली. पिकतं तिथं विकत नाही, ते असं. मधल्या तीस वर्षांत पुरावा कमी नव्हता. फॉलिक आम्लामुळे वृद्धांमधली ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता झाकली जाईल का, सगळ्यांच्या ताटात सक्तीने काही घालण्याचा सरकारला अधिकार आहे का, हे वाद पुन्हा पुन्हा उकरले गेले. त्यातला पहिला प्रश्न संशोधनाने सोडवण्यासारखा होता. दुसरा नव्हता. तो मूल्यांचा प्रश्न होता आणि आणखी एक चाचणी घेऊन तो सुटला नसता. ‘अजून संशोधन हवं’ हे वाक्य ऐकलं की आधी तपासा, समोरच्याला खरंच माहिती हवी आहे की निर्णय लांबवायचा आहे.

सिद्ध झालेली गोष्टही अमलात का येत नाही?

पेलाग्राची गोष्ट जुनी आहे, पण याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात या रोगाने हजारो माणसं मरत होती: कातडी सोलवटायची, जुलाब व्हायचे, बुद्धी भ्रमायची. बहुतेकांना तो संसर्ग वाटायचा. सरकारी आरोग्यसेवेतले डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर १९१४ पासून त्यामागे लागले. अनाथालयांत मुलांचा आहार सुधारला तर रोग जातो, हे त्यांनी दाखवलं. मिसिसिपीतल्या एका तुरुंगाच्या शेतावर त्यांनी कैद्यांना शिक्षामाफीच्या बदल्यात मक्यावर आधारलेला निकस आहार दिला, तेव्हा रोग उद्भवला. (आज अशा प्रयोगाला कुठलीही नीतिसमिती परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) संसर्गाची शंका काढून टाकायला त्यांनी रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं.

इथवर शास्त्र जिंकलं होतं. पण गोल्डबर्गर आणि अर्थशास्त्रज्ञ एडगर सायडनस्ट्रिकर तिथे थांबले नाहीत. दूध, मांस, भाज्या लोकांच्या ताटात का नाहीत, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर कापसात सापडलं. कुळांनी घराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस लावायचा, भाजीपाल्याला जागा नाही, गाय नाही, उधारीवर मक्याचं पीठ आणि खारवलेली चरबी. कापसाचा भाव पडला की रोग वाढायचा. म्हणजे औषध होतं जमिनीच्या आणि कर्जाच्या व्यवस्थेत. १९२१ मध्ये वॉशिंग्टनहून रोगराईचा इशारा देऊन मदत देऊ केली गेली, तेव्हा दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना तो आपल्या प्रदेशाचा अपमान वाटला आणि त्यांनी ती झिडकारली. गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले. नेमकं कमी असलेलं द्रव्य, नायसिन, १९३७ मध्ये ओळखलं गेलं, आणि पुढच्या दशकात ते पिठात मिसळलं जाऊ लागलं.

पीठ सुधारलं गेलं. जमिनीच्या प्रश्नाला पिठाने हात लावला नाही. याबद्दल दोन मतं असू शकतात. माझ्या मते, जे आज करता येतं ते करावं, पण मूळ कारण अहवालातून गाळू नये.

‘धोरण’ म्हणजे नेमका कोणता कागद?

सगळ्या प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो सर्वांत कमी विचारला जातो.

‘राष्ट्रीय पोषण धोरण’ असं नाव असलेल्या पुस्तिकेत तुमच्या संशोधनाचा उल्लेख आला, म्हणजे ते धोरण झालं असं समजू नका. अशा पुस्तिका छापल्या जातात, प्रकाशन होतं, फोटो निघतात. शेतात आणि ताटात बदल घडवणारे कागद वेगळे असतात आणि ते वाचायला कंटाळवाणे असतात: नवं वाण प्रसारित करण्याचे निकष, खतातल्या घटकांचं मानक, शाळांसाठी किंवा रेशनसाठी धान्य खरेदी करण्याच्या निविदेतल्या अटी, कृषी सहायकाने महिन्याकाठी काय करायचं त्याची यादी, आणि अर्थसंकल्पातलं लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या नावाखाली मांडला जातो तो रकाना. तुमचा आकडा यांपैकी एका कागदावर चढला, की तो आपोआप काम करू लागतो. मंत्री बदलले, सचिव बदलले, तरी निविदेतली अट कारकून पाळत राहतो.

बाजरीचं उदाहरण घ्या. लोह आणि जस्त जास्त असलेली वाणं निघत होती, त्यांवर शोधनिबंध येत होते. २०१८ मध्ये भारताच्या अखिल भारतीय समन्वित बाजरी संशोधन प्रकल्पाने ठरवलं, की प्रसारित होणाऱ्या नव्या वाणात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असलंच पाहिजे. त्याआधी पैदासकार उत्पादन आणि रोगप्रतिकारशक्ती पाहत असे आणि पोषण हा शोभेचा गुण होता. आता तो उत्तीर्ण होण्याच्या अटीत आला. शेतकऱ्याला काही पटवून द्यावं लागत नाही, खाणाऱ्याला सवय बदलावी लागत नाही. ही एक ओळ कित्येक जनजागृती मोहिमांना भारी आहे.

अशा ‘कंटाळवाण्या कागदा’नं संपूर्ण देशाचं पोषण बदलल्याचं उदाहरण आहे का?

आहे. फिनलंड.

सेलेनियम हे शरीराला अगदी थोडं लागणारं खनिज. तिथल्या जमिनीत ते पिकांना घेता येईल अशा स्वरूपात फारच कमी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? धान्यात नाही, चाऱ्यात नाही, दुधात नाही. सुरुवातीला ही कमतरता जनावरांच्या स्नायूंच्या रोगावरून लक्षात आली आणि १९६९ पासून पशुखाद्यात सेलेनियम घालायला सुरुवात झाली. माणसांच्या आहारातलं प्रमाणही कमी आहे, हे मोजमापांतून पुढे आलं. गोळ्या वाटण्याचा पर्याय होता. त्याऐवजी १९८४ मध्ये निर्णय झाला, की मिश्रखतांतच सोडियम सेलेनेट हा सेलेनियमचा क्षार घालायचा: धान्यपिकांच्या खतात किलोमागे १६ मिलिग्रॅम, चाऱ्याच्या खतात ६. काही वर्षांतच धान्य, दूध, मांस आणि शेवटी लोकांच्या रक्तातलं सेलेनियम वाढलं.

मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो. निर्णयाबरोबरच एक कार्यगट नेमला गेला. त्याने माती, चारा, अन्नपदार्थ आणि माणसांचं रक्त यांचे नमुने वर्षानुवर्षं तपासले. सेवन गरजेपेक्षा जास्त होतंय असं दिसल्यावर १९९० मध्ये सगळ्या खतांसाठी प्रमाण ६ वर आणलं. ते जरा कमीच पडतंय असं दिसल्यावर १९९८ मध्ये १० केलं आणि २००७ मध्ये १५. कुणी म्हणालं नाही, की आधीचा आकडा चुकला म्हणजे सरकारची नाचक्की झाली. आकडा बदलण्याची सोय पहिल्याच दिवशी करून ठेवली होती.

हे सगळीकडे जमेल?

नाही. फिनलंडमध्ये खताचं उत्पादन मोजक्या हातांत होतं, बहुतेक शेतकरी तेच खत वापरत होते आणि प्रयोगशाळा सक्षम होत्या. जिथे निम्मे शेतकरी खतच विकत घेत नाहीत, तिथे हा मार्ग गरिबांच्या शेताला वळसा घालून जातो.

मातीची कमतरता दुसऱ्या प्रकारेही हाताळता येते. तुर्कस्तानच्या मध्य ॲनाटोलियात १९९३ पासून झालेल्या अभ्यासात गव्हाच्या जमिनीत जस्ताचा मोठा तुटवडा आढळला. जस्त दिल्यावर उत्पादन इतकं वाढलं, की शेतकऱ्यांनी जस्तयुक्त खत स्वतःच्या फायद्यासाठी उचललं. धान्यातलं जस्त वाढणं हा त्यावरचा नफा. आरोग्याचा लाभ आणि शेतकऱ्याचा लाभ एकाच दिशेला असतील तर सक्ती लागत नाही. ते विरुद्ध दिशांना असतील तर कितीही माहितीपत्रकं छापा.

जैवसंपृक्त, म्हणजे पैदाशीतूनच पोषकद्रव्यं वाढवलेली वाणं लोक स्वीकारतात का?

रंग बदलला की संशय येतो, पण तोच रंग जाहिरातही करतो. केशरी रंगाच्या रताळ्याचं तसंच झालं. आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी पांढरं रताळं खाल्लं जायचं. केशरी रताळ्यात शरीर जीवनसत्त्व ‘अ’ बनवू शकेल असं बीटा-कॅरोटीन भरपूर असतं. सुरुवातीच्या केशरी वाणांची चव पाणचट होती, म्हणून पैदासकारांना पिठूळपणा परत आणावा लागला. हे किरकोळ वाटेल, पण चव बिघडलेल्या वाणाला कुठलंही धोरण वाचवू शकत नाही.

मोझांबिक आणि युगांडात २००७ ते २००९ या काळात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आणि त्याची आखणी धोरणाचा प्रश्न समोर ठेवून केली होती. कार्यक्रमाचे दोन नमुने: एकात प्रशिक्षण आणि पाठपुरावा सगळी वर्षं चालू, दुसऱ्यात पहिल्या वर्षानंतर बराच कमी केलेला. दोन्हींत वेल लावण्याचं आणि मुलांनी रताळं खाण्याचं प्रमाण साधारण सारखंच निघालं. मोझांबिकमध्ये लहान मुलांचं जीवनसत्त्व ‘अ’चं सेवन जवळपास दुप्पट झालं. वित्त खात्याला ‘हे उपयोगी आहे’ यापेक्षा ‘याचा स्वस्त प्रकारही तितकाच उपयोगी आहे’ हे जास्त ऐकायचं असतं, आणि या अभ्यासाने नेमकं तेच सांगितलं. या कामासाठी मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा, जॅन लो आणि बुकिडनॉनवाले तेच होवार्थ बुइस यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

लोह आणि जस्ताची गोष्ट वेगळी आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाहीत. तिथे नवं वाण उत्पादनातच सरस असावं लागतं, म्हणजे पोषण शेतकऱ्याच्या नकळत घरात येतं.

मग गोल्डन राइस का अडला?

गोल्डन राइस म्हणजे जनुकीय बदल करून बीटा-कॅरोटीन आणलेला पिवळा तांदूळ. २००० साली त्याचं शास्त्र जाहीर झालं. फिलिपिन्सने २०२१ मध्ये लागवडीला परवानगी दिली आणि २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती रोखली. विरोधकांना दोष देणं सोपं आहे, आणि थोडा दोष आहेही. पण तंत्र जाहीर झाल्यावर शेतात टिकेल असं वाण तयार व्हायला खूप वर्षं गेली. शिवाय चिनी मुलांवर केलेल्या चाचणीचा २०१२ चा शोधनिबंध २०१५ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण पालकांची संमती आणि नैतिक मंजुरी यांचे कागद नीट नव्हते. आधीच संशय असलेल्या विषयात संमतीपत्रातली हयगय प्रयोगशाळेतल्या चुकीपेक्षा महाग पडते.

पोषण हे शेवटी कोणत्या खात्याचं काम?

सगळ्यांचं, म्हणून कुणाचंच नाही. कृषी खात्याला टनांचं लक्ष्य असतं, आरोग्य खात्याकडे शेत नसतं, महिला-बालविकास खात्याकडे पैसा नसतो. समन्वय समिती हा नेहमीचा उपाय. समितीच्या पहिल्या बैठकीला सचिव येतात, तिसरीला कनिष्ठ अधिकारी येतो आणि सही करून जातो.

समितीपेक्षा पैसा वाहण्याचा मार्ग बांधून टाकणं जास्त चालतं. ब्राझीलने २००९ च्या कायद्यात लिहिलं, की शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम छोट्या कुटुंबशेतीचा माल खरेदी करायला वापरायची. त्या एका टक्केवारीने शिक्षण खात्याचा पैसा शेतीला आणि मुलांच्या ताटाला एकदम जोडला. पेरूमध्ये २००६ च्या निवडणुकीच्या वेळी संस्थांनी एकत्र येऊन उमेदवारांकडून ‘पाच वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा (वयाच्या मानाने फार कमी उंची) पाच वर्षांत पाच टक्क्यांनी कमी करू’ असं वचन घेतलं. मागणी लक्षात राहण्यासारखी होती. पुढे निधी निकालांशी जोडला गेला. तिथला खुजेपणा २००८ मध्ये सुमारे २८ टक्के होता, २०१६ पर्यंत तो सुमारे १३ टक्क्यांवर आला. हे सगळं श्रेय शेतीचं नाही, बराच वाटा आरोग्यसेवेचा आणि वाढत्या उत्पन्नाचाही आहे.

सरकार बदललं तर?

ब्राझीलमध्येच पाहा. अन्न आणि पोषण सुरक्षेवर सल्ला देणारी राष्ट्रीय परिषद २०१९ मध्ये नव्या सरकारने मोडीत काढली आणि २०२३ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. शालेय आहारातली ३० टक्क्यांची अट मधल्या काळातही कायद्यात होती.

धोरणकर्त्यांना काय पाठवावं? शोधनिबंध?

शोधनिबंध पाठवू नका, मागितला तर द्या. कॅनडातल्या आरोग्य-संशोधनाच्या एका संस्थेने १:३:२५ अशी रीत रूढ केली: एक पान मुद्द्यांचं, तीन पानांचा सारांश, पंचवीस पानांचा अहवाल. ती रीत चांगली आहे, पण माझा भर त्या एका पानाच्या शेवटच्या परिच्छेदावर असतो. त्यात चार गोष्टी हव्यात: कोणता नियम बदलायचा, त्यात सध्या काय लिहिलंय, त्याऐवजी काय लिहायचं, आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षातून. ‘पोषणाला प्राधान्य द्यावं’ अशी शिफारस वाचून अधिकारी मान डोलावतो आणि फाइल बंद करतो, कारण त्यावर करण्यासारखं काहीच नसतं.

वेळही पाहा. अर्थसंकल्पाची आखणी पूर्ण झाल्यावर आलेला उत्तम अहवाल पुढच्या वर्षीचा जुना अहवाल असतो.

भेटायचं कुणाला?

मसुदा लिहिणाऱ्याला. मंत्र्यांची भेट फोटोपुरती चांगली. खरेदीच्या अटी ज्याच्या संगणकावर टंकल्या जातात, त्या माणसाला तुमचं म्हणणं पटलं तर निम्मं काम झालं. त्याच्याकडे जाताना शिकवायला जाऊ नका. त्याला अंमलबजावणीतल्या ज्या अडचणी ठाऊक आहेत, त्या तुमच्या निबंधात नसतात. गोदामात धान्य किती महिने पडतं, तपासणीचा नमुना कोण घेतं, पुरवठादार कुठे फसवतो, हे त्याच्याकडून ऐकून घ्या आणि शिफारस बदला. शक्य असेल तर त्याला अभ्यासाचा प्रश्न ठरवतानाच बोलवा.

संशोधकाने एखाद्या धोरणाची बाजू घ्यावी का?

घ्यावी, पण पुरावा कुठे संपतो आणि स्वतःचं मत कुठे सुरू होतं, ती रेघ स्पष्ट आखावी. निधी कुणी दिला हे पहिल्या पानावर लिहावं. बियाणं, खत किंवा अन्न विकणाऱ्या कंपनीचा पैसा असेल तर ते शेवटच्या तळटीपेत ढकललेलं लोकांना दिसतंच.

योजना देशभर लागू झाल्यावर पुरावा उलटा निघाला तर?

तसं होतं. लोहयुक्त तांदळाकडे अनेक देशांनी आशेने पाहिलं. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात मात्र असं दिसलं, की अशा तांदळाने रक्तक्षयाच्या प्रमाणात फारसा किंवा काहीच फरक पडत नसावा. लोह वाढवलं म्हणजे ते शोषलं गेलंच असं नाही. धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य ते अडवतं, आणि प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावानेच होतो असंही नाही. अशा वेळी योजना गुंडाळणं राजकीयदृष्ट्या अवघड असतं. म्हणून पहिल्याच आदेशात फेरतपासणीचं वर्ष आणि आकडा बदलण्याचा अधिकार कुणाला, हे लिहून घ्यावं. फिनलंडने नेमकं तेच केलं होतं.

निकाल ‘काहीच फरक नाही’ असा आला, तरी सरकारला कळवायचा का?

आधी कळवा, आणि निबंध छापून येण्याची वाट पाहू नका. झांबियात बीटा-कॅरोटीन वाढवलेल्या केशरी मक्याची चाचणी झाली. मुलांना आठवड्यातून सहा दिवस, दिवसाला दोन जेवणं, असं सहा महिने तो मका दिला. रक्तातलं जीवनसत्त्व ‘अ’ वाढलं नाही. कारण शोधलं तर दिसलं, की त्या मुलांमध्ये ते मुळातच फारसं कमी नव्हतं. त्या देशात साखरेत जीवनसत्त्व ‘अ’ मिसळण्याची योजना आधीपासून होती. ज्यांचं प्रमाण काठावर होतं, त्या मुलांच्या डोळ्यांचा अंधारातला प्रतिसाद मात्र सुधारला. म्हणजे ‘मका निरुपयोगी’ हा निष्कर्ष चुकला असता आणि ‘मका सगळीकडे द्या’ हाही. सरकारला उपयोगी पडणारा प्रश्न तिसराच होता: साखर पोचत नाही अशी घरं कोणती, आणि तिथे मका पोचतो का?